समुद्राच्या तळाची खानेसुमारी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुंडल येथे दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कुंडलात उसावर बोलावे, द्राक्षांवर बोलावे, फार तर येरळेच्या पाण्यावर बोलावे. समुद्राचा येथे काय संबंध? आठवड्याच्या बाजारात सुका बोंबील आणि सुकट येते, तेवढाच काय तो आपला समुद्र.

परंतु नकाशा काढून पाहा. कुंडलापासून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे. मध्ये सह्याद्री आहे म्हणून तो दूर वाटतो इतकेच. आपल्या शिवारात पडणारा पाऊस मात्र तिकडे जात नाही, तो कृष्णेला मिळतो. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, म्हणजे अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर. तरीही ती त्या समुद्राकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत जाते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. आपण राहतो एका समुद्राच्या शेजारी आणि पाणी देतो दुसऱ्याला. साखर कारखान्याची मळी आणि गावाचे सांडपाणीही त्याच वाटेने जाते, हे जाता जाता सांगून ठेवतो. असा दोन समुद्रांशी संबंध, आणि ओळख मात्र एकाशीही नाही.

समुद्रातील जीव म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे देवमासा येतो, शार्क येतो, रंगीत मासे येतात. मी आज त्यांच्याविषयी बोलणार नाही. मला सांगायचे आहे ते तळाविषयी. कोकणच्या किनाऱ्यापासून आत गेले की काही अंतरापर्यंत समुद्र फार खोल नसतो. जमिनीचाच उतार पाण्याखाली पुढे गेलेला असतो. मुंबईसमोर ही उथळ पट्टी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. किनाऱ्याजवळच्या भागात तिच्यावर मऊ, काळपट चिखल पसरलेला आहे. वरून पाहणाऱ्याला तेथे काहीच दिसायचे नाही. पण आपल्या काळ्या रानात वरून काय दिसते? कुदळ मारल्यावरच गांडुळे दिसतात, आणि जमीन जिवंत ठेवणारी तीच असतात हे येथल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. समुद्राच्या चिखलातही गांडुळांचे दूरचे भाऊबंद राहतात. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांचे बारीक झुबके असतात. शास्त्रात त्यांना पॉलिकीट म्हणतात. त्यांच्याबरोबर नखाएवढे शिंपले, तांदळाच्या दाण्याएवढे खेकड्यांचे नातलग, ठिसूळ बाहूंचे तारामासे, आणि सुईच्या अग्रावर मावतील असे सूत्रकृमी. कोळंबी, मांदेली, सौंदाळे यांना जे अन्न लागते त्यातला मोठा वाटा या चिखलातून वर येतो. बाजारातल्या टोपलीचा पाया असा खाली आहे.

आता हा तळ तपासायचा कसा? माती परीक्षणासाठी आपण शेतात चार-पाच ठिकाणी खड्डे घेतो, माती एकत्र करतो आणि पुडी बांधून प्रयोगशाळेत देतो. समुद्रावरही रीत तीच, फक्त खड्डा घेणाऱ्याला तळ दिसत नाही. होडीतून किंवा जहाजातून दोरीला बांधलेला लोखंडी चिमटा खाली सोडतात. त्याला दोन जबडे असतात. तळाला टेकला की दोरीचा ताण सुटतो, आणि वर ओढू लागले की जबडे मिटून चिखलाचा घास घेतात. एका नेहमीच्या आकाराच्या चिमट्यात चौरस मीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे साधारण एका मोठ्या फरशीएवढ्या जागेतला चिखल येतो. तो अर्धा मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर समुद्राच्याच पाण्याने हलक्या हाताने धुवायचा. जोराने धुतला तर किड्यांचे तुकडे होतात. चाळणीवर उरेल ते बाटलीत भरून त्यात फॉर्मॅलिन घालायचे, आणि एक गुलाबी रंग घालायचा. त्या रंगाने मांस गुलाबी होते, वाळू तशीच राहते. बाटलीत एक कागदाची चिठ्ठी टाकायची, तीही शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने लिहिलेली. त्यावर ठिकाण, खोली, तारीख, वेळ. चिठ्ठी नसलेली बाटली फेकून द्यावी लागते, मग तिच्यात कितीही दुर्मीळ प्राणी असो.

खरे काम पुढे असते. बशीत थोडा थोडा ऐवज घेऊन भिंगाखाली एकेक गुलाबी जीव चिमट्याने वेचायचा. एका बाटलीला एक दिवस लागतो, कधी तीन लागतात. मग प्रत्येकाची जात ओळखायची. केसांचा आकार कसा, जबड्याला दात किती, कल्ले कोणत्या खंडापासून सुरू होतात. एका चौरस मीटरात शेकड्यांनी, कधी हजारांनी जीव निघतात. असे एका ठिकाणी महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष करायचे, तेव्हा कोठे दोन ओळी लिहिता येतात की येथे अमुक जाती होत्या, अमुक कमी झाल्या.

जुन्या मराठीत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. तो फारसीतून आलेला शब्द आहे, आपल्या आजोबांना तो माहीत असेल. घरोघर जाऊन माणसे मोजणारा शिक्षक आणि चिखलातले किडे मोजणारा संशोधक यांचे काम एकाच जातीचे आहे. दोघांनाही बुद्धीपेक्षा बैठक अधिक लागते, आणि दोघांनीही खोटा आकडा लिहिला तर पुढचे सगळे नियोजन फसते.

या खानेसुमारीचा आपल्या समुद्रातला इतिहास फार लांबचा नाही. १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर आल्कॉक नावाचे डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी तळातले पुष्कळ प्राणी गोळा करून त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे १९३३-३४ मध्ये इजिप्तचे एक जहाज अलेक्झांड्रियाहून निघून अरबी समुद्रात महिनोन्‌महिने फिरले. मोहिमेचे प्रमुख इंग्रज होते, परंतु खलाशी इजिप्तचे होते, आणि हुसेन फौझी व अब्देल फत्ताह मोहम्मद हे दोन इजिप्शियन शास्त्रज्ञही होते. जहाजाचे नाव ‘मबाहिस’. उर्दू जाणणाऱ्यांना सांगायला नको की ‘बहस’ आणि ‘मबाहिस’ एकाच मुळाचे शब्द आहेत. अरबीत त्याचा अर्थ शोध, तपास. पुढे १९७६ मध्ये भारताने आपले संशोधन जहाज समुद्रात सोडले तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘गवेषणी’, म्हणजे शोध घेणारी. एकमेकींची ओळख नसलेल्या दोन भाषांनी जहाजासाठी एकच नाव निवडावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

‘गवेषणी’ होती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची. १९६० च्या सुमारास अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली, चाळीसहून अधिक जहाजे तीत होती. त्या पाहणीतून आपल्याकडे जी जाणती माणसे तयार झाली त्यांच्या बळावर १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. दोनापावलाच्या टेकडीवर तिची इमारत आहे. १९७४ मध्ये तिच्या संचालकपदी आले डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म १९२६ चा, अलाहाबादचा. अलाहाबादेस नदी आहे, समुद्र नाही. तो शेकडो किलोमीटर दूर. अलिगढला शिकलेला, तेथेच प्राणिशास्त्र शिकवणारा हा तरुण वेल्सला गेला, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत माशांवर संशोधन करून आला, आणि परतल्यावर कोचीनच्या खाडीत पाण्यातला प्रकाश, सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे जीव यांचा हिशेब मांडत बसला. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे ते नेते होते, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव घरोघर पोचवले. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगाचे सदस्य झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. बर्फावरच्या झेंड्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे, मला स्वतःला त्यांचे एक लहानसे काम अधिक मोलाचे वाटते. १९७९ मध्ये त्यांनी व डॉ. वफर यांनी ‘महासागर’ या संस्थेच्या पत्रिकेत लिहिले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, अशी तोवरची समजूत. कोकणच्या गढूळ पाण्यात, पावसाळ्यात नद्यांचा गाळ अंगावर घेत, खडकांना धरून प्रवाळ राहतात हे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून पाहणाऱ्यालाच कळणार होते. त्याच्या आधीच, मालपेसमोर खोल पाण्यात प्रवाळ असलेला एक उंचवटा ‘गवेषणी’ला सापडला होता. त्याला जहाजाचेच नाव दिले आहे.

आपल्या राज्यासमोरही असा उंचवटा आहे, आणि तो फार मोठा आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, समुद्रात बुडालेले एक पठार. लांबी साधारण ४० किलोमीटर, रुंदी १५. माथ्यावर पाणी अवघे २० मीटरांच्या आसपास. नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेले. बँक या शब्दाने कोणी फसू नये. तेथे ठेवी आहेत, पण प्रवाळांच्या. चोहोकडे खोल पाणी असल्यामुळे नद्यांचा गाळ तेथवर पोचत नाही, पाणी स्वच्छ, ऊन तळाला लागते. २०१९-२० च्या हिवाळ्यात संशोधकांची मोहीम तेथे जाऊन आली. कान्होजींच्या आरमाराचा इतिहास आपण शाळेत शिकवतो. त्यांच्या नावाचे हे पाण्याखालचे पठार भूगोलाच्या तासाला कोणी फळ्यावर काढलेले मी तरी पाहिलेले नाही.

मालवणची गोष्ट थोडी निराळी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या २९ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले गेले. जागा योग्य होती, यात शंका नाही. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्या मच्छीमारांचा त्याला विरोध झाला आणि तो दीर्घकाळ राहिला. माझे मत विचाराल तर तळाची माहिती कागदावर येण्याच्या फार आधीपासून ती गाबीत, खारवी, कोळी आणि रत्नागिरीकडच्या आपल्या दालदी बांधवांच्या डोक्यात आहे. कोणत्या खडकावर कोणत्या महिन्यात काय मिळते, चिखल कोठे संपतो आणि वाळू कोठे लागते, हे त्यांना जाळ्याच्या ओढीवरून समजते. संशोधकाने आधी त्यांच्या पडवीत बसावे, मग चिमटा पाण्यात सोडावा. या क्रमाने काम झाले तेथे ते टिकले आहे.

या सगळ्या मोजदादीचा उपयोग काय, असा प्रश्न येथे पालकांनी विचारावा, म्हणून एक उदाहरण विस्ताराने देतो.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुटले की आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोलातले थंड पाणी हळूहळू वर सरकून त्या उथळ पट्टीवर येते. या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्याच वेळी कोकणात जो धो-धो पाऊस पडतो त्याचे गोडे, हलके पाणी समुद्रावर झाकणासारखे पसरते. झाकण बसल्यावर वरची हवा खाली मिसळत नाही. खालचे पाणी खतासारख्या क्षारांनी समृद्ध असते, त्यामुळे उजेडात सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात, मरतात, तळाशी बसून कुजतात, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा वर समुद्र शांत व सुंदर दिसतो, तेव्हा तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. काही ठिकाणी सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू पाण्यात तयार होतो. तळाचे मासे आणि कोळंबी तेथून सरकतात. ज्यांना पळता येत नाही ते चिखलातले जीव मरतात किंवा कसेबसे तग धरतात. हिवाळ्यात पाणी पुन्हा ढवळले जाते, मोकळ्या झालेल्या चिखलात पुन्हा वस्ती होऊ लागते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर एक ठिकाण ठरवून संस्थेचे संशोधक १९९७ च्या सुमारापासून तेथे पुनःपुन्हा जाऊन पाणी व चिखल घेत आले. २००० मध्ये डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात दाखवून दिले की किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातील प्राणवायूच्या तुटवड्याचे जगातील सर्वांत मोठे क्षेत्र आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि ते अधिक तीव्र होत आहे. तुटवडा निसर्गतः पूर्वीपासून होता. त्यात जमिनीवरून वाहून जाणाऱ्या खतांची भर पडत असावी, असे त्यांनी मांडले. युरिया कोठे संपतो, याचे हे एक उत्तर. आता विचार करा, तेथे आधीची मोजणी नसती तर ‘पूर्वी कसे होते’ हे सांगणारा कोण होता? मासळी घटली की एकाने ट्रॉलरवाल्याला दोष द्यायचा, दुसऱ्याने नशिबाला, आणि तिसऱ्याने सरकारला. हिशेबाची वही नसलेल्या दुकानात भांडणे अशीच होतात.

ट्रॉलरचे नाव निघाले म्हणून सांगतो. ट्रॉलर म्हणजे तळाला घासत जाळे ओढणारी यांत्रिक नौका. ज्या चिखलाचा एक हातभर तुकडा तपासायला आम्हाला तीन दिवस लागतात, तो एका ओढीत मैलोगणती खरवडला जातो. कोळंबीबरोबर जे निघते त्यातले पुष्कळसे कचरा मासळी म्हणून फेकले जाते किंवा खतात व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यात काय काय होते, हे लिहून ठेवणारा बंदरावर क्वचितच असतो. अधिक खोलातही हाच प्रश्न उद्या येणार आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने महासागराच्या तळातून बटाट्याएवढे धातूंचे गोळे वर आणले, त्यांत मँगनीज, तांबे, निकेल असते. हे गोळे काढले तर तळाच्या जीवांचे काय होईल हे पाहण्यासाठी १९९७ मध्ये भारतीय संशोधकांनी पाच किलोमीटरहून अधिक खोलीवरचा थोडा तळ मुद्दाम ढवळला आणि पुढे वर्षानुवर्षे जाऊन तेथली वस्ती मोजली. खणण्याआधी मोजणारे लोक जगात थोडे असतात, त्यांत आपले होते.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी २००० ते २०१० या दशकात समुद्रातील जीवांची एक मोठी गणना केली. ८० हून अधिक देशांतील सुमारे २,७०० शास्त्रज्ञ तीत होते. नाव मिळालेल्या जाती अडीच लाखांच्या आसपास भरल्या, आणि सूक्ष्मजंतू वगळूनही एकूण जाती दहा लाखांवर असाव्यात असा अंदाज निघाला. म्हणजे चारांतल्या तिघांचे बारसे अजून व्हायचे आहे. ते करणारी माणसे मात्र कमी होत आहेत. केस आणि दात मोजून जात ठरवण्याची विद्या गुरूजवळ बसूनच येते. एकेक जाणता निवृत्त होतो आणि त्याच्यामागे एकेक प्राणिकुळ अनाथ होते.

आता मुलांविषयी. आज सकाळी येथे एका भगिनीने मला गाठून विचारले, “सर, पोरगी हुशार हाय, प्राणिशास्त्राची लई आवड हाय तिला. पण त्यात जहाजावर जावं लागतं म्हणं. आमच्यात कसं जमायचं?” या प्रश्नाला टाळ्या मिळवणारे उत्तर देणे सोपे आहे. मी तसे देत नाही.

कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते, हे वडीलधाऱ्यांना माहीत आहे. त्या औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत यांची कन्या डॉ. अदिती पंत. पुण्याला शिकल्या, हवाईला समुद्रविज्ञान शिकल्या, लंडनला डॉक्टर झाल्या, आणि गोव्याच्या याच संस्थेत कामाला लागल्या. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. यावर आपण म्हणाल, त्या राजघराण्यातल्या, त्यांना हवाई आणि लंडन परवडले. आक्षेप रास्त आहे. म्हणून राजघराण्याची गरज नसलेली वाट सांगतो. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र, कोणत्याही चांगल्या महाविद्यालयात. पुढे गोवा विद्यापीठ, कारवार किंवा कोची येथे समुद्रजीवशास्त्र. बारावीनंतर थेट जायचे तर रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरीचे सागरी जीवसंशोधन केंद्र तर १९५८ चे. वनखात्यात जाणाऱ्यांनाही समुद्र चुकत नाही. २०१२ पासून त्या खात्याचा कांदळवन कक्ष किनाऱ्याचे काम पाहतो, आणि वनाधिकारी घडवणारी अकादमी तर आपल्या कुंडलातच आहे.

जहाजाचे म्हणाल, तर या कामातले बहुतेक दिवस जमिनीवर, भिंगापुढे जातात. जे थोडे दिवस पाण्यावर जातात ते तुकडीत जातात. त्या तुकडीत आज मुली असतात, आणि त्यांना वाटेल तेवढे काम असते. मी घाबरवणार नाही, तसे गोड स्वप्नही विकणार नाही. कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत. बरीच वर्षे एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर जावे लागते, प्रकल्प संपला की पगार संपतो. मुलाच्या पगारावर घर ताबडतोब उभे करायचे असेल तर त्याला या वाटेने ढकलू नका. पण मुलगी बशीतल्या किड्यांकडे तासभर पाहत बसत असेल, तर तिला ‘डोळे खराब होतील, उठ’ म्हणण्याआधी ती काय पाहते आहे ते एकदा तिला विचारा.

ती भगिनी येथे बसल्या आहेत. त्यांना मी एवढेच सांगितले की मुलीला घेऊन एकदा मालवणला जा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असते. कोल्हापूरवरून एस.टी.ने गगनबावडा उतरला की कोकण लागते. पायांत जुने बूट, हातात वही, आणि दगड उलटला तर तो परत तसाच ठेवायचा. खाली राहणाऱ्याचे ते छप्पर असते.

येथे टेबलावर मी चार बाटल्या आणि एक भिंग ठेवले आहे. दोन बाटल्या कोकणच्या चिखलाच्या आहेत, मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरमधल्या. दोन्हींत गुलाबी दिसतील ते जीव मोजून आकडे शेजारच्या वहीत लिहायचे आहेत. तिसरीत कांदोळीकडचे नव्हे, आपल्या येरळेच्या डोहातले गाळ-किडे आहेत, तुलनेसाठी. चौथी रिकामी आहे, ती शाळेला देत आहे. व्याख्यान संपल्यावर सातवीपासून पुढची मुले रांगेने येऊ देत. चिठ्ठी लिहायला शिसपेन्सिल मी आणली आहे.